उघड्या व वाऱ्याच्या जागीं बागेचें कुंपण

बागेला कुंपण कशासाठीं, असें विचारलें तर बहुतेक शेतकरी बंधु ‘गुरांसाठीं व चोरांसाठीं’ असें उत्तर देतील. सखल व आडोशाच्या जागीं हें उत्तर पुरेसें आहे. परंतु ज्यांची जमीन पठारावर, डोंगराच्या सोंडेवर, खिंडीच्या तोंडाशीं किंवा समुद्राच्या कांठीं आहे, त्यांच्या बागेंत तिसराच एक चोर शिरत असतो. तो रात्रंदिवस येतो, कुलपाला जुमानीत नाहीं, आणि मोहोर, कोंवळी पालवी, जमिनींतील ओल, कधीं कधीं तर उभें झाडहि घेऊन जातो. हा चोर म्हणजे वारा होय. अशा जागीं कुंपण निवडतांना वाऱ्याचा विचार अगोदर व गुरांचा मागाहून करावा लागतो. तो न केल्यास कुंपणाचा खर्च तर वाया जातोच, पण कित्येक वेळां कुंपणच बागेच्या नाशाला कारण होतें. सबब या विषयाची माहिती प्रस्तुत लेखांत क्रमानें देण्याचें योजिलें आहे.

स्वानुभव.— दुसऱ्याला उपदेश करण्यापूर्वीं स्वतःची चूक सांगणें बरें. आमचा मळा सातारा जिल्ह्याच्या पठारी भागांत आहे. आषाढ-श्रावणांत पश्चिमेचा वारा तेथें दिवसचे दिवस खंड न पडतां वाहतो. पूर्वीं मळ्याच्या पश्चिम बांधावर वडिलांनीं लावलेलें चिलारीचें दाट कुंपण व त्याच्या आंत शेवरीची एक ओळ होती. दिसण्यांत तें सर्व ओबडधोबड होतें. बांधालगतचें पीक सावलीनें बारीक राही, आणि दरवर्षीं छाटणीची मजुरी द्यावी लागे. कांहीं वर्षांपूर्वीं डाळिंबाची लागवड केली, तेव्हां आम्हीं तें सर्व काढून टाकिलें व त्या जागीं सात फूट उंचीचा पत्रा सलग उभा केला. खांब लोखंडी नळाचे, दहा दहा फुटांवर, जमिनींत दीड फूट पुरलेले. वडील त्या वेळीं थकले होते. बांधावर येऊन त्यांनीं पत्रा पाहिला व एवढेंच म्हणाले, “अरे, वारा अडवायचा नसतो, चाळायचा असतो.” आम्हांला तें म्हातारपणाचें बोलणें वाटलें.

पुढें झाडें बहारावर आलीं, त्या पावसाळ्यांत एक चमत्कारिक गोष्ट नजरेस आली. पत्र्यालगतच्या दोन ओळी अगदीं शांत असत. परंतु चौथ्या-पांचव्या ओळींतील झाडें, जीं पत्र्यापासून चाळीस-पन्नास फुटांवर होतीं, तीं सर्व बाजूंनीं घुसळल्यासारखीं हालत, आणि मृग बहाराचीं फुलें तेथेंच अधिक गळलीं. त्यानंतरच्या वर्षीं आषाढांत जमीन भिजून मऊ झाली असतां, एके रात्रीं पत्र्याची जवळजवळ शंभर फूट लांबीची रांग खांबांसह उपटून आंत पडली, व तिच्याखालीं दोन ओळींतील झाडें बुंध्याशीं मोडलीं. सकाळीं वडील काठी टेकीत आले. ते आम्हांला एक शब्दहि बोलले नाहींत. मोडलेल्या झाडांपैकीं जीं फुटण्यासारखीं होतीं तीं त्यांनीं काठीनें दाखविलीं, व त्यांचे बुंधे साफ कापावयास गड्याला सांगितलें. त्या दिवसापासून ‘चाळायचा असतो’ या दोन शब्दांचा अर्थ समजून घेण्याचा आम्ही प्रयत्न करीत आहों. त्याचें फळ पुढें दिलें आहे.

वाऱ्याचा जोर.— वाऱ्याचा वेग दुप्पट झाला म्हणजे त्याचा दाब दुप्पट न होतां चौपट होतो, व वेग तिप्पट झाला तर दाब नऊपट होतो. ही गोष्ट ज्याच्या मनांत ठसली तो कमकुवत कुंपण कधींहि उभारणार नाहीं. दहा फूट लांब व सहा फूट उंच अशा भरीव पडद्यावर ताशीं ३६ किलोमीटर वेगाचा वारा सरळ आदळला, तर एकंदर सुमारें ४० किलो भार पडतो. तोच वारा ताशीं ७२ किलोमीटर झाला तर भार १६० किलो, व १०८ किलोमीटर झाला तर ३६० किलो होतो. म्हणजे प्रत्येक दहा फुटांमागें तीन-साडेतीन पोतीं धान्य आडवें रेटीत आहे असें समजावें.

उंचीचा नियमहि असाच आहे. कुंपण दीडपट उंच केलें तर त्याला उलथविणारा जोर सव्वादोन पटींनीं वाढतो व दुप्पट उंच केलें तर चौपट होतो. कारण भार वाढतो आणि तो अधिक उंचीवरून खांबाला वांकवितो. ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आलें, तेव्हां वाऱ्याचा वेग ताशीं १०० किलोमीटरांहून अधिक होता. आणि पुढच्याच वर्षीं, मे २०२१ मध्यें, ‘तौक्ते’ वादळ कोंकणच्या किनाऱ्याला लागून उत्तरेकडे गेलें. अशा प्रसंगीं नारळी-पोफळीचीं आगरें वांचवील असें कोणतेंहि कुंपण नाहीं, हें प्रथमच सांगितलें पाहिजे. कुंपणाचें काम दरसालच्या वाऱ्याचें आहे. वादळांत त्यानें स्वतः बागेवर कोसळूं नये, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा धरावी.

वाऱ्याची दिशा ओळखणें.— कुंपणाचा खर्च चारी बाजूंना सारखा करण्याचें कारण नाहीं. ज्या बाजूनें बागेला पीडा होते ती बाजू आधीं निश्चित करावी. कोंकणांत व घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबरपर्यंत नैर्ऋत्येचा व पश्चिमेचा वारा मुख्य असतो. देशावर त्या वाऱ्याशिवाय एप्रिल-मे महिन्यांतील वळवाचे झंझावात येतात. ते पुष्कळदां पूर्वेकडून किंवा ईशान्येकडून उठतात व थोडाच वेळ टिकतात, पण तेवढ्यांत मोठें नुकसान करितात. खानदेशांत उन्हाळ्यांतील उष्ण वारे केळीचीं पानें फाडून चिंध्या करितात, आणि हिवाळ्यांत उत्तरेकडील गार वारा त्याच केळीची वाढ खुंटवितो.

आपल्या जमिनीचा वारा कसा आहे हें बांधावरचीं जुनीं झाडेंच सांगतात. ज्या झाडाच्या फांद्या एका अंगाला आंखूड व दुसऱ्या अंगाला लांब वाढल्या असतील, त्याच्या आंखूड अंगाकडून वारा येतो असें खुशाल समजावें. सातारा जिल्ह्यांतील चाळकेवाडी व वनकुसवडे किंवा धुळे जिल्ह्यांतील ब्राह्मणवेल यांसारख्या पठारांवर पवनचक्क्या उभ्या आहेत. जेथें चक्कीवाल्यांनीं वारा पाहून जागा घेतली, तेथें बागाईतदारानें वारा न पाहतां बाग घेणें शहाणपणाचें नव्हे. नवीन जमीन असल्यास चार कोपऱ्यांवर बांबू रोवून त्यांस कापडाच्या पट्ट्या बांधाव्या, व वर्षभर दर आठवड्याला त्यांची दिशा टिपून ठेवावी. या टिपणाला खर्च कांहीं नाहीं, आणि पुढील हजारों रुपयांचा खर्च त्यावरून ठरतो.

भिंत नव्हे, चाळण.— भरीव भिंतीवर वारा आदळला म्हणजे तो नाहींसा होत नाहीं. मागून येणारी हवा त्याला रेटीत असल्यानें तो भिंतीच्या माथ्यावरून अधिक वेगानें उडी घेतो. भिंतीच्या पाठीमागें हवेचा दाब कमी झालेला असतो. त्यामुळें वरून आलेला वारा खालीं ओढला जाऊन भोंवऱ्यासारखा फिरतो, व कांहीं अंतरावर जमिनीवर आदळतो. भिंतीला अगदीं लागून असलेली जागा शांत राहते, परंतु तिच्या पलीकडे झाडें एका बाजूनें वांकण्याऐवजीं चारी बाजूंनीं पिळलीं जातात. आमच्या चौथ्या-पांचव्या ओळींत जें घडलें त्याचें कारण हेंच.

याउलट कुंपणाला फटी असल्या, तर वाऱ्याचा कांहीं भाग त्यांतून गाळून पलीकडे जातो. त्याचा जोर फटींतच मोडलेला असतो, आणि ती मंद हवा कुंपणामागें गादीसारखी पसरून वरच्या वेगवान वाऱ्याला एकदम खालीं येऊं देत नाहीं. म्हणून भोंवरे थोडे होतात व आडोसा अधिक दूरवर पोंचतो. शिवाय खांबांवर पडणारा भारहि कमी होतो. डेन्मार्कमधील मार्टिन येन्सेन यांनीं वाऱ्याच्या बोगद्यांत व प्रत्यक्ष शेतांत आडोशाचा अभ्यास करून त्यावरील आपला ग्रंथ १९५४ सालीं प्रसिद्ध केला. तेव्हांपासून अनेक देशांत झालेल्या अशा अभ्यासांचें तात्पर्य असें कीं, शेंकडा ४० ते ५० भाग उघडा असलेलें कुंपण सर्वांत उपयोगी पडतें. सोप्या भाषेंत सांगावयाचें तर, अर्धें भरीव व अर्धें उघडें.

हें प्रमाण डोळ्यांनींहि अजमावितां येतें. कुंपणापासून दहा-पंधरा पावलांवर उभें राहावें. पलीकडचा माणूस चालतांना दिसतो पण चेहरा स्पष्ट ओळखूं येत नाहीं, असें असेल तर कुंपण ठीक आहे. माणूस मुळींच दिसत नसेल तर तें फार भरीव, व स्वच्छ दिसत असेल तर वाऱ्याच्या दृष्टीनें तें कुंपणच नव्हे.

उंची व लांबी.— आडोसा किती दूर पोंचतो हें कुंपणाच्या उंचीवर अवलंबून असतें. चांगल्या झिरझिरीत कुंपणामागें, उंचीच्या चौपट-पांचपट अंतरापर्यंत वाऱ्याचा वेग निम्म्यावर किंवा त्याहूनहि खालीं येतो. दहापट अंतरावर तो सुमारें एक-तृतीयांशानें कमी असतो, आणि वीसपट अंतरावर जवळजवळ पूर्ववत होतो. म्हणून हिशेबासाठीं दहापट अंतर धरावें. सहा फूट उंचीच्या बांबूच्या ताटीनें साठ फूट रुंदीची जागा संभाळली जाते. भाजीपाला, रोपवाटिका किंवा फुलझाडें यांना ती पुरे. पण दोन-चार एकरांच्या आंबा, डाळिंब वा केळीच्या बागेला ती कशी पुरणार? तेथें तीस फूट उंचीच्या झाडांची ओळ पाहिजे, म्हणजे तीनशें फुटांचा पल्ला मिळेल. बाग याहून खोल असल्यास मध्यें दुसरी ओळ घ्यावी.

लांबीविषयींहि चूक होते. कुंपणाच्या दोन्ही टोंकांना वळसा घालून येणारा वारा उघड्या शेतांतील वाऱ्याहून जोराचा असतो. यास्तव कुंपणाची लांबी उंचीच्या निदान दहा-बारा पट असावी, आणि तें बागेच्या कडेपाशींच न संपवितां दोन्हीं टोंकांना थोडें पुढें न्यावें. मधल्या खिंडाराचेंहि तसेंच आहे. वाऱ्याच्या बाजूला फाटक ठेवलें तर त्यांतून वारा फुंकणीसारखा आंत शिरतो. फाटक दुसऱ्या अंगाला घ्यावें. तें शक्य नसेल तर फाटकासमोर आंतल्या बाजूस चार-सहा फूट सोडून एक आडताटी उभी करावी.

निरनिराळ्या कुंपणांचे गुणदोष.— (१) पत्रा. तो लवकर उभा राहतो, गुरें व डुकरें अडवितो व दिसण्यांत नीटनेटका असतो. परंतु उघड्या जागीं तो जहाजाच्या शिडाप्रमाणें वारा धरितो. सुटलेला पत्रा माणसाच्या जिवालाहि घातक होतो. वाऱ्याच्या बाजूला पत्रा लावूंच नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

(२) विटांची किंवा सिमेंटच्या फळ्यांची भिंत. पाया भक्कम असला तर ती पडत नाहीं, पण भोंवऱ्यांचा दोष राहतोच. ती बांधावयाचीच असेल तर कमरेइतकी बांधून वरच्या भागांत जाळीच्या विटा किंवा लांकडी पट्ट्या घालाव्या.

(३) दगडी गडगा. कोंकणांत कातळावरील कलमांच्या बागांना जांभ्या दगडाचा चुन्या-मातीवांचून रचलेला गडगा घालण्याची वहिवाट आहे. दगडांच्या सांध्यांतून थोडा वारा पार जातो, उंची बेताची असते, व बूड रुंद असल्यानें तो सहसा उलथत नाहीं. लहान कलमांना त्याचा आडोसा उत्तम होतो. कलम गडग्याच्या वर गेलें म्हणजे मात्र झाडांच्या ओळीची जोड लागते.

(४) तार व जाळी. कांटेरी तार किंवा ज्याला बाजारांत चेनलिंक म्हणतात ती तारेची जाळी गुरांसाठीं चांगली, पण वाऱ्याला तिचा अडथळा नाहींच म्हटला तरी चालेल. पुष्कळ लोक त्याच जाळीला मागाहून शेडनेट बांधतात. शेंकडा ५० सावलीची जाळी वारा चाळण्याला चांगली आहे. परंतु ती बांधतांच खांबांवरचा भार कितीतरी पटींनीं वाढतो, हें विसरूं नये. नेट बांधावयाचें असेल तर खांब प्रथमपासून त्या हिशेबानें घालावे. नेट पक्क्या तारेनें न आवळतां सुतळीनें बांधावें. म्हणजे वादळांत सुतळी तुटेल, खांब मोडणार नाहीं. समुद्राजवळ खारा वारा लोखंड लवकर खातो. तेथें जस्ताचा जाड मुलामा दिलेलीच तार घ्यावी.

(५) बांबूच्या किंवा लांकडाच्या पट्ट्या. दोन इंच रुंदीची पट्टी व मध्यें दीड ते दोन इंचांची फट, अशी उभी ताटी वाऱ्याला फार चांगली. पट्ट्या खांबाच्या वाऱ्याकडील अंगाला ठोकाव्या, म्हणजे वारा त्यांना खांबावर दाबील. उलट अंगाला ठोकल्यास तो खिळे उपटून काढील. नवीन रोपांना तात्पुरता आडोसा पाहिजे असेल तर तुराट्यांच्या किंवा पऱ्हाट्यांच्या ताट्या पुरेशा होतात. त्यांना खर्च जवळजवळ नाहीं, व त्यांतील फटीहि आपोआप योग्य प्रमाणांत पडतात.

खांब.— वाऱ्याच्या जागीं कुंपणाचा जीव खांबांत असतो. खांबाच्या एकंदर लांबीचा तिसरा हिस्सा जमिनींत जावा. म्हणजे सहा फूट कुंपणाला नऊ फुटी खांब घेऊन तीन फूट पुरावा. दोन खांबांमध्यें आठ फुटांहून अधिक अंतर ठेवूं नये. कोपऱ्यावरील व फाटकाजवळील खांबांना दोन्हीं दिशांनीं तिरपे टेकू द्यावे. खड्डा नुसत्या उकरलेल्या मातीनें न भरतां, दगड व मुरूम थराथरानें घालून धुमसानें ठोकावा. काळ्या जमिनींत विशेष काळजी घ्यावी; कारण ती उन्हाळ्यांत भेगाळते, पावसाळ्यांत फुगते, व दोन्हीं वेळां खांब सैल करिते. तेथें खालचा मुरूम लागेपर्यंत खणावें. लांकडी खांबाचा पुरला जाणारा भाग डांबरानें माखावा. पाऊस संपल्यावर व पुन्हां मृगापूर्वीं, असें वर्षांतून दोनदां प्रत्येक खांब हातानें हालवून पाहावा. आमचे दीड फुटी खांब कोणी एकदां जरी हालवून पाहिले असते, तरी ती रात्र टळली असती.

जिवंत कुंपण.— वर सांगितलेले सर्व गुण, म्हणजे अर्धा उघडेपणा, लवचिकपणा, उंची व दरवर्षीं वाढणारी बळकटी, हे एकत्र कोठें सांपडत असतील तर ते जिवंत कुंपणांत. १८६४ च्या युद्धांत डेन्मार्कला आपला मोठा मुलूख गमवावा लागला, तेव्हां उरलेली जटलंडची ओसाड व वाऱ्यानें झोडपलेली माळरानें लागवडीस आणण्यासाठीं १८६६ सालीं तेथें एक संस्था निघाली. एन्रिको डाल्गास हे तिचे चालक होते. तेथील शेतांना झाडांच्या ओळींचा आडोसा करण्यांत आला. अमेरिकेंतहि १९३५ ते १९४२ या काळांत, धुळीच्या वादळांनीं उजाड झालेल्या मध्य भागांत वाऱ्याच्या आड झाडांचे पट्टे लाविले गेले. त्यांत सुमारें बावीस कोटी झाडें लागलीं. आपल्याकडे एवढ्या मोठ्या योजनेची गरज नाहीं. आपला एक बांध पुरे आहे.

रचना अशी करावी. अगदीं बाहेर, वाऱ्याकडे, बुटकें व कांटेरी कुंपण. त्याच्या आंत मध्यम उंचीचीं झाडें. व त्याच्या आंत उंच झाडें. दोन ओळींतील झाडें समोरासमोर न येतां आडवळणी यावीं. उंच झाडें खालून उघडीं पडतात व त्यांच्या बुंध्यांमधून वारा जोरानें घुसतो. तो बुटक्या कुंपणानें चाळला जातो. म्हणून एकाच जातीची एकच ओळ लावण्यापेक्षां मिश्र ओळी बऱ्या.

बाहेरच्या ओळीला चिलार, सागरगोटा, करवंद, घायपात किंवा विलायती चिंच लावावी. शेराचें कुंपण सोपें खरें, पण त्याचा चीक डोळ्यांना फार अपायकारक आहे. मोगली एरंडाच्या बिया विषारी असतात. घरालगत मुलें खेळतात तेथें हीं दोन्हीं टाळावीं. मधल्या ओळीला गिरिपुष्प सर्वांत सोयीचें. त्याच्या पांच-सहा फुटी फांद्या पावसाच्या आरंभीं रोविल्या कीं फुटतात, खांबाचें काम करितात, व छाटलेला पाला उत्तम खत होतो. कोंकणांत पांगाऱ्याच्या मेढी याच रीतीनें लाविल्या जातात. शेवरी पहिल्याच वर्षीं डोक्यावर जाते, पण ती दोन-तीन वर्षांचीच सोबतीण. सावकाश वाढणाऱ्या झाडांना हात देण्यापुरती ती लावावी. उंच ओळीला देशावर कडुनिंब व करंज, आणि किनाऱ्यावर सुरू, उंडी व करंज हीं खाऱ्या वाऱ्याला टिकणारीं झाडें घ्यावीं. ‘निसर्ग’ वादळांत किनाऱ्यावरील सुरूचीं अनेक झाडें मोडून पडलीं. सर्व झाडें एका वयाचीं व एकाच जातीचीं असूं नयेत, हा त्यावरून घेण्याचा धडा होय. केळीला मात्र वर्षाच्या आंत आडोसा पाहिजे. तिच्याभोंवतीं शेवरीच्या किंवा गजराज गवताच्या दाट दोन-तीन ओळी लावण्याची जी चाल आहे ती योग्य आहे.

आक्षेप व त्यांचीं उत्तरें.— झाडांचीं मुळें बागेचें पाणी व खत खातात, हा आक्षेप खरा आहे. त्यावर उपाय, ओळीपासून पांच-सहा फुटांवर बागेच्या बाजूला दीड फूट रुंद व तीन फूट खोल चर खणून, त्यांत आलेलीं मुळें दरवर्षीं तोडावीं. सावलीनें बांधालगतचें पीक कमी येतें, हेंहि खरें. परंतु वाऱ्यानें सबंध बागेंत गळणारीं फुलें, घासून डागाळलेलीं फळें, वाळून जाणारी ओल, उडून दुसरीकडे जाणारी औषधाची फवारणी, आणि वाऱ्यामुळें फुलांवर न येणाऱ्या मधमाशा, यांचा हिशेब सावलीच्या हिशेबासमोर मांडून पाहावा. आम्हीं तो मांडला नव्हता. आणखी एक सूचना. निफाडसारख्या भागांत, जेथें हिवाळ्यांत कडाक्याची थंडी पडते, तेथें उताराच्या खालच्या अंगाला दाट कुंपण घालूं नये. गार हवा पाण्यासारखी उतारानें वाहते व कुंपणाशीं तुंबून कोंवळ्या घडांना मारते. त्या बाजूला कुंपण बुडाशीं विरळ ठेवावें.

शेजाऱ्याचा विचारहि करावा. उंच झाडें अगदीं हद्दीवर लावल्यास त्याच्या शेतावर सावली पडते व पुढें तंटे होतात. झाडें आपल्या हद्दींत कांहीं फूट आंत घ्यावीं, व लावण्यापूर्वीं त्याच्याशीं बोलावें.

कामाचा क्रम.— वरील सर्व काम एकाच वर्षीं करण्याची घाई नको. पहिल्या वर्षीं वाऱ्याची टिपणें ठेवावीं व तुराट्यांच्या ताट्यांवर भागवावें. वैशाखांत चर व खड्डे खणून मृगाच्या पावसावर बाहेरील कुंपण, गिरिपुष्पाच्या फांद्या व शेवरीचें बीं लावावें. उंच झाडांचीं रोपें त्याच पावसाळ्यांत, पण पावसानें जम धरल्यावर लावावीं व त्यांना दोन उन्हाळे पाणी द्यावें. तिसऱ्या-चौथ्या वर्षीं शेवरी काढून जळणाला घ्यावी. बाग त्यानंतर लावणें उत्तम. परंतु इतका धीर नसेल तर निदान बाग व आडोसा एकाच वर्षीं लावावा. बाग मोडल्यावर आडोसा लावणें हें घर जळाल्यावर विहीर खणण्यासारखें आहे.

आमच्या मळ्यांत आतां पुन्हां चिलार उभी आहे. तिच्या आंत गिरिपुष्प, व त्याच्या आंत करंजाची ओळ आहे. पडलेल्या पत्र्यांची गोठ्यावर शाकारणी झाली. वडिलांनीं काठीनें दाखविलेल्या त्या बुंध्यांपैकीं बरेच फुटले, व त्यांवर आतां इतर झाडांच्या बरोबरीनें फळ धरतें. चौथ्या-पांचव्या ओळींतील झाडें आषाढांतहि हालतात, पण पिळलीं जात नाहींत. करंज डोक्यावर गेलेलें पाहावयास वडील राहिले नाहींत.

शेवटीं एक विनंति आहे. वारा गट नंबर ओळखीत नाहीं. एकट्याच्या दोनशें फूट ओळीला दोन्हीं टोंकांनीं वारा वळसा घालतो; तीच ओळ चार शेजाऱ्यांनीं मिळून सलग नेली तर चौघांच्याहि बागा राखल्या जातात. एका शिवारांतील सभासदांनीं या वैशाखांत एकत्र बसून पश्चिम बांधाची अशी एक सामाईक ओळ आंखावी, आणि मृगाला तिची सुरुवात करावी.